खादीचं शीड

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात आम्ही दोघं दुकानाचा माल आणायला नागपूरला गेलो आणि नाव घेऊन परत आलो.

वर्ध्यात आमचं कापडाचं दुकान होतं. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेले होते. दुकान सासूबाई आणि माझे यजमान मिळून चालवत. घर पिपरी मेघेला होतं. तेव्हा तिथं घरं थोडी आणि मोकळी वावरंच जास्त. मी अल्लीपूरच्या शेतकऱ्याची मुलगी. शिवणकाम चांगलं येत होतं, म्हणून माल निवडताना यजमान मला सोबत नेत.

त्या दिवशी कापडाच्या वखारीमागच्या पडीक आवारात ती पालथी पडलेली दिसली. चौदा फुटांची लाकडी नाव, रंगाचे पोपडे सुटलेले, पोटाला दोन ठिकाणी मूठ जाईल एवढी भोकं. वखारवाला म्हणाला, तलावावर नावा चालवणाऱ्या हौशी लोकांची मंडळी होती, ती मोडली. सामान इथं येऊन पडलं. ही आता जळणाच्या भावात जाणार.

यजमान तिच्याभोवती फिरले. खाली बसून त्यांनी लाकडावर नख मारून पाहिलं. मग मला म्हणाले, "हे नेऊ आपण."

"कायले?"

"चालवाले."

"कुठी?"

"बोर धरणावर."

उत्तर इतकं चटकन आलं की मी समजले, हा विचार आजचा नाही. परतताना ट्रकमध्ये त्यांनी सांगितलं. कॉलेजात असताना ते नागपूरच्या तलावाकाठी बसून शिडाच्या नावा पाहत. वल्हं नाही, इंजिन नाही, तरी नाव जाते, आणि कधीकधी वाऱ्याच्या तोंडावरच जाते. हे कसं होतं ते त्यांना काठावरून कधी कळलं नव्हतं. कापसाच्या गाठी नागपूरला उतरवून रिकामा परतणारा तो ट्रक होता. मागे नाव दोरांनी बांधलेली, तिच्यात एक मोडकी डोलकाठी, सुकाणू, फाटक्या शिडाचं गाठोडं आणि गंजलेलं एक जाड लोखंडी पातं. मी मागच्या खिडकीतून सारखी तिच्याकडे पाहत होते. आपण काय करून बसलो ही धास्ती होती, तरी नजर हटत नव्हती.

सासूबाई दारात उभ्या होत्या. ट्रकवरून नाव उतरेपर्यंत त्यांनी पाहिलं. मग मुलाला म्हणाल्या, "माल आनाले गेलते ना तुमी?"

"हो."

"मंग हा माल कोन घेईन?"

यजमान हसले. त्या हसल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नावेच्या पालथ्या पोटावर त्यांनी लाल मिरच्या वाळत घातल्या, आणि ते लोखंडी पातं उचलून अंगणातल्या पाण्याच्या टाक्यावर झाकण म्हणून ठेवून दिलं. नाव घरात राहणार हे त्यावरून आम्हाला कळलं.

दुकान बंद असायचं त्या दिवशी आम्ही रंग खरवडायचो. आधी हिरवा निघाला, त्याखाली पांढरा, त्याखाली निळा. निळ्याखाली शेंदराचा पातळ हात, आणि मग सागवान लागलं. हातभर जागा साफ झाली तेव्हा यजमानांनी त्यावर ओला फडका फिरवला आणि लाकडाच्या रेषा एकदम उजळल्या. आम्ही दोघं तिथंच उकिडवे बसून राहिलो. भाकरी करायची वेळ टळून गेली होती. सासूबाईंनी आतून दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा त्या स्वतः आल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "लाकूड चांगलं हाय." मग आत जाऊन त्यांनीच भाकरी टाकल्या.

लोक यायचे पाहायला. सिंदी मेघेहूनही यायचे. वर्ध्याले समुद्र येऊन राह्यला का, असं विचारायचे. धाम नदीच्या पाण्यात उन्हाळ्यात म्हैस बसत नाई, तुमची नाव कुठी बसन, असंही एकानं विचारलं. यजमान प्रत्येकाला खुर्ची द्यायचे आणि हातात खरवडायची पत्रीही द्यायचे. पुष्कळ लोक विचारायला आले ते तासभर काम करून गेले.

कुजलेल्या फळ्या बदलायला वाढई आणला. बैलबंड्या आणि दारांच्या चौकटी करण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. तो नावेला तीन प्रदक्षिणा घालून म्हणाला, "भाऊ, सरळ काम सांगा. हे पोटवालं काम म्या कधी केलं नाई."

"म्या तरी कुठी केलं?" यजमान म्हणाले. "दोघं मिळून शिकू."

फळी वाकवायची कशी, हाच प्रश्न होता. पत्र्याचं लांब नळकांडं करून ते आम्ही चुलाण्यावर चढवलं, खाली हंडाभर पाणी उकळत ठेवलं आणि फळी त्या वाफेत कोंडली. पहिली फळी नावेला लावताना काडकन मोडली. दुसरीला उभी चीर गेली. त्यानंतर वाढई काही दिवस आलाच नाही. मला वाटलं, गेला. पण तो स्वतःच्या घरी लहान पट्ट्यांवर हेच करून पाहत होता. परत आला तो बांबूच्या कमानीसारखी वाकलेली एक पट्टी घेऊनच. तिसरी फळी वाफेतून काढली, आम्ही चौघांनी पोत्यांनी धरून ती नावेच्या अंगावर दाबली, आणि ती लोण्यासारखी वळली. चौथ्या सासूबाई होत्या. पदर कमरेला खोचून त्यांनी फळीचं टोक असं रेटून धरलं होतं की वाढई खिळा ठोकायचा सोडून त्यांच्याकडेच पाहत राहिला.

हे सगळं सलग झालं असं नाही. दुकान होतं. शहात्तरमध्ये मुलगी झाली. त्या वर्षी नावेवर फक्त ताडपत्री होती आणि ताडपत्रीखाली कोंबड्या. मुलगी रांगायला लागली ती नावेच्या सावलीत. पण एखाद्या संध्याकाळी यजमान दुकानातून येऊन ताडपत्रीचं टोक उचलून आत पाहायचे, आणि मीही त्यांच्यामागे जाऊन पाहायची. काम थांबलं होतं, गोडी थांबली नव्हती.

फळ्यांमधल्या सांधी कापसानं भरतात, हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. जुन्या सांधी उकरल्या तेव्हा काळा पडलेला कापूसच बाहेर आला. मला तर हर्षच झाला. पाण्यावर चालायच्या वस्तूच्या पोटात आमचा कापूस! माहेराहून वडिलांनी सरकी काढलेला कापूस पाठवला. मी आणि सासूबाईंनी त्याच्या जाड वाती वळल्या, देवाच्या वातींसारख्याच, फक्त करंगळीएवढ्या. वाढईनं त्या बोथट पटाशीनं सांधींत ठोकल्या. वरून जवसाच्या तेलात खडूची भुकटी मळून केलेली लांबी भरली, आणि त्यावर शेंदूर त्याच तेलात कालवून हात दिला. पूर्वीच्या रंगाच्या तळाशीही शेंदूरच होता, म्हणून आम्हीही तोच घेतला. नाव नखशिखांत शेंदरी झाली. शनिवारी शेजारची म्हातारी दुरून येताना थबकली, चपला काढल्या आणि हात जोडले. सासूबाईंनी तिला सांगितलं नाही की हा मारुती नव्हे. मला म्हणाल्या, "राहू दे. झाला तं नावेले फायदाच होईन."

शिडाचं काम माझं. जुनं शीड चिंध्या झालेलं होतं, पण जोडून जोडून अंगणात पसरलं की आकार कळायचा: तिकोनी, आमच्या ओसरीहून उंच. त्याच्या कडेनं मी रांगोळीची रेघ ओढली. कापड म्हणून हातमागाची जाड खादी घेतली, दुकानातली सर्वांत घट्ट विणीची. ते ओझं मशीनच्या सुईखालून सरकवताना खांदे भरून यायचे. आठवडाभर खपून मी शीड शिवलं आणि आंब्याच्या फांदीला टांगलं. वारा आला तेव्हा ते चादरीसारखं फडफडलं. त्यात काही भरेना.

मी ते उतरवलं आणि पुन्हा जुन्या चिंध्यांपाशी बसले. तेव्हा दिसलं की जुन्या शिडाच्या पट्ट्या सरळ नव्हत्याच. प्रत्येक पट्टीची कड किंचित फुगीर कापलेली होती. पोलक्याला छातीपाशी आपण टक्स घालतो, कापडाला गोलाई यावी म्हणून, तेच हे. मला हसूच आलं. मी सगळ्या शिवणी उसवल्या, पट्ट्या नव्यानं कापल्या, दुहेरी दुमडून शिवल्या आणि शीड परत फांदीला बांधलं. वाऱ्याची एक झुळूक आली आणि शीड गर्भार बाईच्या पोटासारखं भरलं. आंब्याची फांदी ओढ बसून करकरली. मी धावत दुकानात गेले. गिऱ्हाईक समोर होतं तरी यजमानांना म्हणाले, "चला, पाहाले चला." गिऱ्हाईकही आलं.

एकोणऐंशीच्या दिवाळीनंतर, पाटबंधारे खात्याची परवानगी हाती आल्यावर, नाव बोर धरणावर नेली. धरण काठोकाठ भरलेलं होतं आणि पलीकडचं जंगल पाण्यात उलटं दिसत होतं. नारळ फोडला. दहाबारा जणांनी ढकलत नाव पाण्यात घातली. ती तरंगली, आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या आत तिच्या सगळ्या सांधींतून पाणी यायला लागलं. वाढई बादलीनं उपसत होता, यजमान घमेल्यानं. नाव काठापाशीच, कमरेएवढ्या पाण्यात, शांतपणे खाली बसली.

यजमान पाण्यात उभे होते, हातात रिकामं घमेलं. "पाच वर्सं," एवढंच म्हणाले. वाढई खाली मान घालून काठावर बसला.

मी पाण्यात उतरले आणि एका सांधीवर बोट फिरवलं. लाकूड कोरडं, आक्रसलेलं होतं. वर्ध्याचे पाच उन्हाळे त्यानं अंगावर काढले होते. आणि मला अल्लीपूरचा नाला दिसला. उन्हाळ्यात बंडीच्या चाकांचं लाकूड आटतं, लोखंडी धाव सैल पडून खडखडते. मग वडील चाकं काढून नाल्याच्या डोहात बुडवून ठेवत. पाणी पिऊन लाकूड फुगलं की धाव अशी घट्ट बसायची की हातोड्यानं हलायची नाही.

"हे काढू नोका," मी म्हणाले. "बुडूनच राहू द्या. बंडीचं चाक हाय असं समजा."

वाढईनं मान वर केली. बंडी म्हटल्यावर त्याला पुढं सांगावं लागलं नाही. तो उठला आणि हसत कपाळावर हात मारून घेतला. आम्ही नावेत दगड भरले आणि तिला तशीच बुडवून घरी आलो. लोकांना काय सांगायचं ते सासूबाईंनी ठरवलं: "नाव पानी पिऊन राह्यली."

पुढच्या सुट्टीला गेलो, दगड काढले, पाणी उपसलं. नाव वर आली. आम्ही तिच्या तळाला हात लावून वाट पाहत बसलो. तळ कोरडा तो कोरडाच राहिला. वाढईनं आत झोपून पाठ टेकवून पाहिली आणि कोरडा सदरा सगळ्यांना दाखवला.

मग शीड चढवलं. यजमान सुकाणूवर, मी शिडाच्या दोरीवर. वारा हलका होता. खादी भरली आणि नाव निघाली. पण थोड्या वेळानं लक्षात आलं, नाक समोरच्या टेकडीकडे आहे आणि आपण चाललोय उजवीकडे. नाव खेकड्यासारखी आडवी सरकत होती. सुकाणू कसंही फिरवा, तेच. शेवटी ती पार दुसऱ्या कडेच्या झुडपांत जाऊन अडकली आणि आम्ही वल्ह्यांनी धापा टाकत परत आलो. तरीही दोघंही इतके खुशीत होतो की परतीच्या बसमध्ये आमचं बोलणं संपेना. चुकलं काय, यावर भांडतही होतो आणि हसतही होतो.

उत्तर सासूबाईंनी काढलं. काही दिवसांनी त्या टाक्यावरचं झाकण सरकवत होत्या, तेच लोखंडी पातं. हात थांबवून त्यांनी मला हाक मारली. "सूनबाई, त्या नावेच्या मधात एक लांब खाच होती ना?"

होती. तळाच्या अगदी मध्ये, आतून लाकडी पेटीसारखी बांधलेली. वाढईनं ती मोठी भेग समजून सागवानाच्या पट्टीनं पक्की बुजवली होती, आणि आम्ही त्याला शाबासकी दिली होती.

"मंग पाह्य," त्या म्हणाल्या, "हे पातं तितकंच जाड हाय. कोपऱ्याले खिळ्याचं भोकही हाय. वखराले पास असते ना जमिनीत धसाले, तशी ही पान्यात धसाची पास असन. थे नाई तं नाव घसरनच."

यजमान जेवत होते. त्यांनी ताटावरून उठून पातं उचललं, उभं धरलं, आडवं धरलं. मग आईच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "हात धुवून घेजो आधी."

फाल्गुनात नाव काठावर ओढून वाढईनं स्वतःचीच पट्टी छिनून काढली. लाकूड पुन्हा आटू नये म्हणून मी तिच्यावर ओली बारदानं टाकत होते. पातं घासून, शेंदूर लावून खाचेत सोडलं तेव्हा ते म्यानात तलवार जावी तसं गेलं.

वैशाखात वारं सुटलं. धरणाचं पाणी खाली गेलं होतं, पण आम्हाला पुरेसं होतं. दुपार कलल्यावर निघालो. शीड भरलं, नाव कलली, मी किंचाळणार होते तेवढ्यात ती पुढे धावली. आडवी नाही, सरळ! तळाखाली पाणी पावा वाजल्यासारखं वाजत होतं. आपल्या अंगणात जिच्यावर मिरच्या वाळल्या ती हीच, हे खरं वाटेना. यजमानांनी नाव वाऱ्याच्या अंगानं तिरकी घेतली, मग मला म्हणाले, "वाक." शीड डोक्यावरून दुसऱ्या बाजूला गेलं, मी दोरी आवळली, आणि नाव दुसऱ्या अंगानं तिरकी चढली. पुन्हा वळवली, पुन्हा चढली. नागमोडी वाटेनं घाट चढावा तसे आम्ही वाऱ्याकडेच चाललो होतो. ज्या टोकाहून वारा येत होता त्या टोकाला पोहोचल्यावर यजमानांनी शीड सैल सोडलं. नाव डुलत उभी राहिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "असं असते तर हे." मी म्हणाले, "आता मले द्या सुकाणू." आणि त्या दिवसापासून सुकाणू बहुतेक माझ्याकडे राहिलं. त्यांनीच सगळ्यांना सांगून टाकलं की बायको माझ्यापेक्षा बरी चालवते.

नाव दुरुस्त झाली आणि काम संपलं, असं झालं नाही. दर वर्षी काहीतरी निघे. खादी पावसानं काळी पडली, तेव्हा दुसरं शीड शिवलं. ते पहिल्यापेक्षा चांगलं झालं. एका वादळात डोलकाठी मध्येच मोडली आणि आम्ही शिडाखाली झाकले गेलो; चाचपडत बाहेर आलो तर दोघंही हसत होतो. वाढईनं नवी डोलकाठी तासली आणि तिच्या टोकाला, कुणी न सांगता, बैलाच्या शिंगाला लावतात तशी पितळी शेंबी बसवली. सत्त्याऐंशीत तळाचं मुख्य लाकूडच बदलावं लागलं. नाव पुन्हा अंगणात आली, आणि ते सबंध वर्ष घरात परत जवसाच्या तेलाचा वास होता. मुलगी आता शाळेत जाणारी; कापसाच्या वाती तिनं वळल्या.

एवढ्या वर्षांत सासूबाई नावेत कधी बसल्या नव्हत्या. काठावर चटई टाकून, डबा उघडून बसायच्या. पाण्याची भीती वाटते असं त्या म्हणत नसत. म्हणत, "सामानापाशी कोनी तं पाह्यजे."

नव्या तळाची नाव अठ्ठ्याऐंशीत पाण्यात घातली, पाणी पाजून झालं, आणि पहिल्या फेरीला मी शीड चढवत होते, तर त्या काठावरून उतरून आल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं.

"हे तळाचं लाकूड म्या पसंत केलं होतं," त्या म्हणाल्या. "कसं चालते थे पाह्यतो मी."

ते खरं होतं. लाकडाच्या वखारीत त्यांनीच ओंडका निवडला होता. यजमानांनी त्यांना हात धरून आत घेतलं आणि माझ्या शेजारी बसवलं. निघालो तेव्हा त्यांनी एका हातानं नावेची कड आणि दुसऱ्या हातानं माझा दंड पकडला होता. मधल्या पाण्यात पोहोचेपर्यंत माझा दंड सुटला. त्या सुकाणूकडे पाहत होत्या, मी किती ढकलते, नाव किती वळते.

"वल्ह्यासारखं नाई हे," त्या म्हणाल्या. "उलटं हाय. तू इकडे ढकलली, थे तिकडे गेली."

"हो. घ्या, तुमी धरून पाहा."

त्यांनी दांडा धरला. मी माझा हात थोडा वेळ वर ठेवला, मग काढून घेतला. नाव जरा डळमळली, मग सरळ झाली. वारा चांगला होता. पलीकडच्या काठावर रोह्यांचा, नीलगायींचा, कळप पाण्यावर आला होता. शीड दिसताच त्यांनी माना वर केल्या. सासूबाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांची नजर शिडाच्या कडेवर होती, ती थरथरली की त्या दांडा बोटभर सरकवत, आणि कड परत ताठ होई. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. पदर डोक्यावरून खाली आला होता, केस उडत होते.

काठ जवळ यायला लागला तेव्हा यजमान म्हणाले, "आई, आता फिरवाचं. परत जाऊ."

"परत कायले?" त्या म्हणाल्या. "अजून तिकडचा कोपरा राह्यला." आणि त्यांनी नाव फिरवली, वाऱ्याच्या तोंडावर. मला म्हणाल्या, "दोरी आवळ."